तिसऱ्या चाकाचा माणूस

साइडकार म्हणजे ड्रायव्हर आणि पॅसेंजर अशा दोघांनी मिळून पळवायची तीनचाकी गाडी. तिच्या शर्यतीचा कुठलाही फोटो पाहा, नजर आधी पॅसेंजरवरच जाते. हेल्मेट रस्त्यापासून वीतभर वर, कंबर तिसऱ्या चाकाच्याही बाहेर, एका हाताने मूठ धरलेली आणि बाकीचा देह वाऱ्यावर. पाहणारा म्हणतो, केवढं हे धाडस! धाडस आहेच. पण त्याच फोटोत गुडघ्यांवर ओणवा झालेला ड्रायव्हरही असतो, आणि तो जे करतोय ते फोटोत दिसत नाही. त्याने ब्रेक नेहमीच्या जागी लावलाय, नेहमीइतक्याच जोराने लावलाय आणि गाडी नेहमीच्याच क्षणी वळणात घातलीय. पॅसेंजर एवढा बाहेर गेला तो याच्यावर विसंबून. साइडकारची जोडी वेगवान होते ती मुख्यतः ड्रायव्हरचा अंदाज बांधता येऊ लागल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. पॅसेंजरचं धाडस त्यानंतर कामी येतं.

हे पटायला आधी गाडी समजून घ्यावी लागते. आजची शर्यतीची साइडकार म्हणजे मोटरसायकलला जोडलेली खुर्ची नव्हे. सगळी एकच चौकट असते. पुढचं आणि मागचं चाक जवळजवळ एका रेषेत, आणि तिसरं बाजूला, मागच्या चाकापेक्षा थोडं पुढे सरकवलेलं. गाडी वळताना झुकत नाही, म्हणून टायर मोटरसायकलसारखे गोलसर नसून मोटारीच्या टायरसारखे रुंद आणि सपाट असतात. छोट्या एफ-2 प्रकारात इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या छातीखाली असतं. लांब एफ-1 प्रकारात ते त्याच्या मागे जातं. बहुतेक गाड्यांत पायाखालचं एकच पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. पॅसेंजरच्या वाट्याला एक सपाट तळ, त्यावर सँडपेपरसारखी खरखरीत टेप आणि मोक्याच्या जागी बसवलेल्या काही मुठी येतात. त्याला सीट नसते, पट्टाही नसतो.

तीन चाकं जमिनीला जिथे टेकतात ते तीन बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो. गाडीचा, ड्रायव्हरचा आणि पॅसेंजरचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणात कुठे आणि जमिनीपासून किती उंचीवर आहे, यावर सगळं ठरतं. तिसरं चाक डावीकडे आहे असं धरून चालू; ब्रिटनमध्ये ती जुनी पद्धत. युरोपच्या मुख्य भूमीवर ते उजवीकडे असण्याची परंपरा आहे, तिथे पुढचं सगळं उलट वाचायचं.

गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजवीकडे फेकलं जातं. साइडकारचं चाक आतल्या बाजूला असल्यामुळे हलकं होतं आणि उचलायला लागतं. गाडी उलटलीच तर पुढचं आणि मागचं चाक जोडणाऱ्या रेषेवरून उलटणार. म्हणून पॅसेंजर डावीकडे, तिसऱ्या चाकाच्या पलीकडे अंग टाकतो, तेही शक्य तितकं खाली. याने किती फरक पडतो ते साध्या गणिताने पाहता येतं. समजा सगळं मिळून वजन 370 किलो आणि त्यात पॅसेंजर 65 किलोचा. गुरुत्वमध्य उलटण्याच्या रेषेपासून 28 सेंटिमीटर आत आणि जमिनीपासून 38 सेंटिमीटर वर आहे. तेव्हा ही गाडी आपल्या वजनाच्या साधारण 0.74 पट बाजूचा जोर सहन करील, त्यापुढे चाक उचलेल. आता पॅसेंजरने आपला देह 60 सेंटिमीटर बाहेर आणि 25 सेंटिमीटर खाली नेला. एकत्रित गुरुत्वमध्य जवळजवळ साडेदहा सेंटिमीटर बाहेर सरकतो आणि चारेक सेंटिमीटर खाली येतो. मर्यादा 0.74 वरून 1.1 च्या पुढे जाते. टायरची पकड तेवढी असेल तर जे वळण ताशी 100 किलोमीटरने घेता येत होतं, ते आता 120 च्या वर घेता येतं. चालत्या गाडीची मूळ घडणच एक माणूस बदलतोय, दर वळणाला.

उजवं वळण वेगळं असतं, आणि नवख्यांना इथेच ठेच लागते. उजवीकडे वळताना साइडकार बाहेरच्या बाजूला असते, ती आधार देते, म्हणून वाटतं की आता पॅसेंजरला फारसं काम नाही. पण आता उलटण्याची रेषा पुढच्या चाकातून साइडकारच्या चाकाकडे तिरकी जाते. या रेषेपासून सगळ्यात दूर आहे ते मागचं चाक, म्हणजे इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरवणारं चाक, आणि तेच हलकं होतं. त्यात वळणाच्या तोंडाशी ब्रेक लागलेला असतो, वजन पुढे गेलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच कोपऱ्याला उचलू पाहतात. म्हणून पॅसेंजर ड्रायव्हरच्या मागून मागच्या चाकावर येतो आणि उजवीकडे अंग टाकतो. फोटोत ही मुद्रा तितकी थरारक दिसत नाही, मात्र अनेक शर्यतींचा निकाल इथेच लागतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. इंजिनाचा जोर लागतो तो मागच्या चाकातून, म्हणजे गुरुत्वमध्याच्या उजवीकडून. त्यामुळे थ्रॉटल उघडला की गाडीचं तोंड डावीकडे, साइडकारच्या बाजूला ओढलं जातं. डाव्या वळणात ही ओढ मदतीला येते. उजव्या वळणातून बाहेर पडताना हीच ओढ गाडीला रस्त्याच्या बाहेरच्या कडेकडे नेते. पॅसेंजर मागच्या चाकावर असेल तर गुरुत्वमध्य जोराच्या रेषेजवळ येतो आणि ओढ कमी होते. म्हणून ड्रायव्हर तक्रार करतो की उजव्या वळणातून गाडी बाहेर पळते, तेव्हा सस्पेन्शनच्या स्क्रूला हात लावण्याआधी पॅसेंजर परत केव्हा निघतो ते पाहावं. पुष्कळदा तो पुढच्या सरळ रस्त्यासाठी अर्धा क्षण आधीच मागचं चाक सोडत असतो.

अर्धा क्षण म्हणजे किती? ताशी 200 किलोमीटर वेगाला अर्ध्या सेकंदात गाडी जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. हालचालींचा क्रम म्हणूनच पक्का लागतो. सरळ रस्त्यावर पॅसेंजर तळावर चिकटून असतो, डोकं फेअरिंगच्या (गाडीवरच्या वारा कापणाऱ्या आवरणाच्या) रेषेखाली, कोपर आत. तो जेवढा वर तेवढा वारा जास्त अडतो. ब्रेकची जागा आली की आधी त्याचे पाय घट्ट रोवले जातात, मग ब्रेक लागतो. जोराच्या ब्रेकमध्ये त्याच्या स्वतःच्या वजनाएवढा रेटा पुढच्या दिशेने येतो, आणि तो हातांनी आणि मांड्यांनी पेलायचा असतो. या रेट्यातच त्याला जागा बदलायची असते. गाडी वळणात शिरायच्या आधी तो आपल्या जागी स्थिर असला पाहिजे. शिरताना तो अजून हलत असेल, तर टायरवरचा भार ऐन मोक्याला बदलतो आणि ड्रायव्हरच्या हातात गाडी वळवळते. वळणभर तो तिथेच राहतो, फक्त ड्रायव्हर थ्रॉटल उघडतो तसा थोडा मागे सरकतो. बाहेर पडताना गाडी सरळ झाली, तिन्ही चाकं टेकली की मगच आत.

हालचाल झटकन नको, सलग हवी. 65 किलो वजन एका दणक्यात तळावर आपटलं तर चांगलं सस्पेन्शनही दचकतं.

मुठींचा नियम कडक असतो: दुसरी हाती आल्याशिवाय पहिली सुटत नाही. म्हणून मुठींच्या जागा पॅसेंजरच्या मापाने ठरतात. गाडी स्टँडवर उभी करून, पूर्ण लेदर सूट, हातमोजे आणि हेल्मेट घालून एकेक मुद्रा घ्यायची आणि प्रत्येक मूठ न बघता हाताला येते का ते तपासायचं. दोन सेंटिमीटरचा फरकही जाणवतो. मूठ फार जाड असेल तर बोटं लवकर थकतात. फार बारीक असेल तर हात जास्त आवळला जातो आणि कोपराखालचे स्नायू फुगून दगडासारखे होतात. तसं झालं की मूठ आवळलेली आहे की सुटतेय हेच कळेनासं होतं, आणि याहून धोकादायक काही नाही. बुटाचा तळ पातळ हवा, तळावरच्या टेपची खरखर पायाला लागली पाहिजे. लेस आणि झिपचं टोक टेपने चिकटवायचं, कारण बाहीचं एखादं टोक मुठीत अडकलं तर माणूस ऐन वळणात बांधला जातो. नितंब, कंबर आणि गुडघा जिथे रस्त्याला घासतात तिथे सूटवर जास्तीचं कातडं लावतात. ते कुठे झिजलंय ते प्रत्येक सत्रानंतर पाहायचं. खुणा नेहमीपेक्षा वर सरकल्या असतील तर पॅसेंजर उंच राहतोय किंवा गाडी खाली बसलीय.

आता ड्रायव्हरकडे येऊ. दोघांमध्ये बोलणं नसतं. इंजिनाच्या आवाजात आणि वाऱ्यात शब्द टिकत नाहीत. पॅसेंजरला पुढचं दिसतंच असंही नाही. मागच्या चाकावर असताना समोर ड्रायव्हरची पाठ असते, डावीकडे लटकताना बाजूने पळणारा रस्ता. तो ऐकतो आणि अंगाने समजून घेतो: गिअर खाली गेल्याचा आवाज, ब्रेकची पहिली ओढ, खांद्याची हालचाल. म्हणून ड्रायव्हरचा ब्रेक दोन टप्प्यांत यायला हवा. आधी हलकासा दाब, त्यात वजन पुढे येतं आणि मागच्याला वर्दी मिळते; मग पूर्ण जोर. मोटारीतून किंवा एकट्याच्या मोटरसायकलवरून आलेले ड्रायव्हर इथे चुकतात. त्यांना शेवटच्या क्षणी ब्रेक लावून जागा घेण्याची सवय असते. साइडकारमध्ये तसा अवचित ब्रेक लागला तेव्हा पॅसेंजर एका मुठीवरून दुसऱ्या मुठीकडे जात असेल, तर तो कुठे जाईल याचा नेम नाही.

ओव्हरटेक करायचा तर तोही पॅसेंजरला पेलेल असाच. नेहमीच्या रेषेपेक्षा आतून शिरायचं ठरलं तर वळण अरुंद होतं, आत जास्त वेळ काढावा लागतो, आणि पॅसेंजरला बाहेर राहण्याचा काळ वाढतो. जुळलेल्या जोडीत हे आधीच ठरलेलं असतं: कोणत्या वळणावर हल्ला करायचा, कोणत्या वळणावर कधीच नाही. बाकी सगळं तिथल्या तिथे सुचलेलं असतं आणि त्यात धोका मागच्या माणसाचा असतो.

सगळ्यात मोठी जबाबदारी अंतराची. डाव्या वळणात गाडीचं टोक म्हणजे साइडकारचं चाक नव्हे, पॅसेंजरचं हेल्मेट आणि खांदा. ड्रायव्हरला आपली गाडी प्रत्यक्षापेक्षा हातभर रुंद धरून चालवावी लागते. बंद सर्किटवर आतल्या बाजूला कर्ब (ट्रॅकच्या कडेची थोडी उंच पट्टी) असतो, तो चाकाखाली घेण्याचा मोह होतो. त्याच कर्बवर पॅसेंजरची कंबर आपटते. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) शर्यतीत तर कर्बच्या जागी दगडी भिंत किंवा मातीचा बांध असतो. तो मार्ग 60.7 किलोमीटरचा, एरवी लोकांच्या रोजच्या वापरातला रस्ता. 2023 मध्ये बेन आणि टॉम बर्चल या भावांनी तिथे साइडकारची पहिली ताशी 120 मैलांच्या वरची फेरी मारली, म्हणजे सरासरी ताशी 194 किलोमीटर. सरासरी एवढी याचा अर्थ वेगाच्या पट्ट्यांत त्याहून कितीतरी जास्त. क्वार्टर ब्रिज उजवा, ब्रॅडन ब्रिजला आधी डावं मग उजवं, रॅमसी हेअरपिन डावं: पॅसेंजर तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सतत ये-जा करत असतो. बॅलॉ ब्रिजच्या कुबडावरून गाडी हवेत जाते. तिथे मागचं टोक आधी टेकावं म्हणून त्याला वजन मागे ठेवावं लागतं, आणि आदळण्याच्या क्षणी गुडघे सैल, मुठी घट्ट.

पॅसेंजर गाडी चालवण्यात भागीदार आहे ही कल्पना नवी नाही. 1923 साली टीटीत पहिल्यांदा साइडकारची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या फ्रेडी डिक्सनच्या डग्लस मोटरसायकलची साइडकार झुकणारी होती. ती वर-खाली करण्याचा दांडा पॅसेंजर वॉल्टर डेनीच्या हातात होता. वळण किती आणि कुठे, हे डेनीला डिक्सनइतकंच माहीत असणं भाग होतं. 1949 मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं, तेव्हा पहिलं विजेतेपद एरिक ऑलिव्हर आणि त्याचा पॅसेंजर डेनिस जेन्किन्सन यांनी मिळवलं. हाच जेन्किन्सन 1955 च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या मोटार शर्यतीत ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसच्या शेजारी मर्सिडीझमध्ये बसला. कागदाच्या गुंडाळीवर लिहिलेल्या रस्त्याच्या नोंदी वाचून तो हाताच्या खुणांनी पुढचं वळण सांगत होता. सुमारे 1600 किलोमीटर त्यांनी 10 तास 7 मिनिटांत कापले. न दिसणाऱ्या वळणावर दुसऱ्याच्या शब्दावर वेग न सोडणं आणि दुसऱ्याला तसा शब्द देणं, हे जेन्किन्सन साइडकारच्या तळावरून शिकून आला होता असं मला वाटतं.

पॅसेंजर काढून टाकायचा प्रयत्नही झाला. 1978 साली रॉल्फ बिलांड आणि केनी विल्यम्स यांनी बीओ-यामाहावर विजेतेपद मिळवलं. ती गाडी मोटारीच्या इतकी जवळ गेलेली होती की पॅसेंजरला जवळपास बसूनच राहायचं होतं. ती वेगवान होती यात शंका नाही. पण लोकांना आणि स्पर्धकांनाही प्रश्न पडला की मग ही साइडकार कशाला म्हणायची? 1979 मध्ये अजिंक्यपद बी-2-ए आणि बी-2-बी अशा दोन भागांत विभागावं लागलं, एक पारंपरिक गाड्यांसाठी आणि दुसरं नव्या मोटारीसारख्या गाड्यांसाठी. पुढे खेळ पॅसेंजर हलणाऱ्या गाडीकडेच परतला. तो निर्णय योग्यच होता. तळावर हलणारा माणूस काढला की उरते ती एक वाकडी मोटार.

या कामात ताकदीइतकंच महत्त्व चपळाईला, मापात असलेल्या वजनाला आणि वेळ साधण्याला आहे, म्हणून बायका इथे फार आधीपासून आहेत. 1954 मध्ये इंगे श्टोल पॅसेंजर म्हणून टीटीत उतरली. 2016 मध्ये फिनलंडची किर्सी काइनुलाइनेन पेक्का पाइवारिन्टाबरोबर जागतिक विजेती झाली, 2022 मध्ये इमॅन्युएल क्लेमाँ टॉड एलिसबरोबर. हलका पॅसेंजर सरळ रस्त्यावर फायद्याचा, जड पॅसेंजर वळणात. प्रत्यक्षात जोडी वजनाच्या काट्यावर ठरत नाही; मापात उतरणारा पण उशिरा पोचणारा पॅसेंजर काही कामाचा नाही.

पावसात बरंच काही उलटतं. पकड कमी म्हणून बाजूचा जोर कमी, साइडकार उचलण्याची भीतीही कमी. आता भीती असते मागचं चाक जागेवर फिरण्याची. पॅसेंजर बाहेर कमी लटकतो आणि मागच्या चाकावर जास्त राहतो. हालचाली अर्ध्या वेगाने. ओल्या तळावर टेपची खरखर कमी होते, म्हणून पाय सरकवण्याऐवजी उचलून ठेवायचा.

पुढचं चाक वळणात बाहेर सरकत असेल तर पॅसेंजरने थोडं पुढे यायचं. मागचं सरकत असेल तर मागे जायचं. ऐकायला सोपं. अडचण अशी की ड्रायव्हरला सरकणं हातात कळतं आणि पॅसेंजरला पाठीत, आणि दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केली की ती दुप्पट होते. जुळलेल्या जोड्या हेही वाटून घेतात: छोटं सरकणं ड्रायव्हरचं, पॅसेंजरने हलायचं नाही, वळणामागून वळण तीच तक्रार असेल तर पुढच्या फेरीपासून पॅसेंजरने जागा बदलायची.

पॅसेंजर पडलाच तर? ड्रायव्हरला ते कधी कधी आधी साइडकारच्या चाकातून कळतं: डाव्या वळणात ते अचानक वर येऊ लागतं. तेव्हा ब्रेक दाबत वळण घट्ट करणं म्हणजे गाडी उलटवणं. हँडल सरळ करायचं, वळण मोठं होऊ द्यायचं, चाक खाली आलं की मग वेग कमी करायचा. ही प्रतिक्रिया उपजत नसते, ती मनात घोटावी लागते. ड्रायव्हरच्या मनगटाला इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी असते, तो गाडीवरून फेकला गेला तर इंजिन थांबतं. ती बांधलेली आहे का हे पॅसेंजरने पाहायचं आणि पॅसेंजरचे मोजे-बूट ड्रायव्हरने, ही सवय फार चांगली.

नवी जोडी बसवायची तर ट्रॅकच्या आधी उभ्या गाडीवर. ड्रायव्हर डोळे मिटून पूर्ण फेरी तोंडाने बोलतो: ब्रेक, तिसरा गिअर, डावं, थ्रॉटल, सरळ. पॅसेंजर त्या तालावर जागा बदलतो. मग पायी फेरी, प्रत्येक वळणाचा उंचवटा, डांबराचा जोड आणि नाल्याचं झाकण पाहत. ट्रॅकवरचं पहिलं सत्र मंद गतीचं, आणि त्यात ड्रायव्हरला एकच काम: ब्रेकच्या जागा हलू द्यायच्या नाहीत. वेग नंतर वाढवता येतो. आधी पॅसेंजरच्या अंगात त्या ट्रॅकचं वेळापत्रक बसलं पाहिजे. सत्र संपलं की दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर वळणवार लिहायचं आणि मग कागद शेजारी ठेवायचे. ड्रायव्हर लिहितो "पाचव्या वळणाला पुढचं चाक सरकतं", पॅसेंजर लिहितो "पाचव्याला ब्रेक उशिरा येतो, मी पोचत नाही". ही दोन वाक्यं म्हणजे एकच दोष, आणि एकत्र बोलून लिहिलं असतं तर त्यातलं दुसरं बहुधा कागदावर आलंच नसतं.

बदली पॅसेंजर घ्यावा लागला तर मुठी, साइडकारच्या बाजूचं स्प्रिंग आणि ब्रेकचा समतोल पुन्हा तपासावा लागतो. ड्रायव्हरने पहिल्या सत्रापुरती आपली सर्वोत्तम वेळ विसरायची. नवा माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याचा अनुभव दुसऱ्या कुणाच्या ब्रेकचा असतो.

साइडकारची शर्यत प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर पॅसेंजर लटकतो त्या वळणावर गर्दी असते, ती सोडा. साइडकारपासून दूर वळणाऱ्या, जोराच्या ब्रेकच्या वळणावर उभे राहा. आधी मागचं चाक बघा, मग पॅसेंजरचा मुठीकडे जाणारा हात. चांगल्या जोडीत ब्रेक चावायच्या आधीच हात मुठीवर पोचलेला असतो आणि मागचं चाक जमीन सोडत नाही. वाईट जोडीत दोन्ही उशिरा होतात, आणि बाहेर पडताना गाडी रस्त्याच्या कडेपर्यंत रुंदावत जाते.